उणे एक

यंत्र बंद पडलं की माणसाला आधी कारण नको असतं, नाव हवं असतं. कारण शोधायला वेळ लागतो, डोकं लागतं. नाव सापडलं की लगेच हायसं वाटतं, चहा गोड लागतो. एका कंपनीत हेच झालं, आणि सापडलेलं नाव नेमकं तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या कामाचं निघालं.

ही कंपनी डायलिसिसची यंत्रं बनवायची. किडन्या थकलेल्या माणसाचं रक्त बाहेर काढायचं, गाळून स्वच्छ करायचं आणि परत आत सोडायचं, असं ते यंत्र. त्याच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये कंपनीची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा गाभा म्हणजे कर्नल. पंप फिरवणं, झडपा उघडणं-मिटणं, दाब मोजणं, ही सगळी खालची कष्टाची कामं कर्नलच्या अंगावर असायची. हा कर्नल ज्यांनी लिहिला ते रिटायर होऊन घरी बसले होते, आणि त्यांची लेक त्याच कंपनीत त्याच कर्नलची देखभाल करत होती. थोरली लग्न करून लांब गेली होती, ही घरातली धाकटी. बापाच्या जुन्या मित्रांनी तिला ऑफिसातही धाकटीच म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव तिला तिथे कायमचं चिकटलं.

बापालाही तिथे एक नाव होतं. पाठीमागे सगळे त्यांना 'सासूबाई' म्हणत. दुसऱ्याच्या कोडात खोट काढल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. हातात पेन्सिल घेऊन ते छापलेला कागद वाचत, आणि ती पेन्सिल कागदाला टेकली की खोट सापडली, लिहिणाऱ्याने ते पान पुन्हा लिहायचं. चांगलं काम असलं तर ते काहीच बोलायचे नाहीत. त्यांचं गप्प बसणं हीच शाबासकी समजून लोक हळूच सटकायचे. धाकटीला तर दुप्पट जाच. "जग म्हणतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं," ते तिला सांगायचे. "आपल्या धंद्यात उलटं करायचं. आपलं तेच कार्टं समजायचं आणि जास्त झोडायचं." त्यांच्या तोंडून 'चांगलं लिहिलंय' हे शब्द तिने कधी ऐकले नव्हते. तिनेच काय, कुणीच ऐकले नव्हते.

तर झालं असं, की एका दवाखान्यात सकाळच्या पाळीला एक यंत्र मध्येच थांबलं. पंप थांबला, झडप मिटली, घंटा वाजायला लागली. नर्स मुरलेली होती. तिने पंपाचा दांडा हाताने फिरवून पेशंटचं रक्त सावकाश परत आत घातलं आणि त्याला दुसऱ्या यंत्रावर घेतलं. पेशंटला काही झालं नाही. मग तिने ते केलं जे आपण सगळेच करतो. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. यंत्र का थांबलं ते पडद्यावर लिहिलेलं होतं, ते या भानगडीत पुसलं गेलं. यंत्राच्या पोटातल्या एका छोट्या कप्प्यात उरली ती फक्त पत्त्यांची एक माळ.

ही माळ म्हणजे काय ते सांगायला हवं. कर्नलमध्ये शेकडो फंक्शनं, म्हणजे कोडाचे छोटे तुकडे असतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला. बोलावताना प्रत्येक जण 'काम झालं की मला इथून पुढे चालायचंय' अशी खूण मागे ठेवतो. यंत्र थांबलं की या खुणा एकावर एक रचलेल्या सापडतात. त्याला ऑफिसात स्टॅक ट्रेस म्हणत. खुणा म्हणजे नुसते आकडे, मेमरीतले पत्ते. कोणता पत्ता कुठल्या फंक्शनच्या हद्दीत येतो ते शोधून आकड्यापुढे नाव लिहायचं काम एक वेगळा प्रोग्रॅम करायचा. त्याला सगळे 'ओळखपरेड' म्हणत.

ओळखपरेडीने या वेळी वरून खाली तीन नावं दिली. सगळ्यात वर 'सगळं-थांबव', त्याच्या खाली 'पंप-उतार', त्याच्या खाली 'मुख्य फेरा'. कोडात ही नावं इंग्रजीत होती आणि स्वर गाळून इतकी आखडलेली, की नवख्याला शिवीच वाटावी. बोलताना ऑफिसात जी नावं चालत तीच इथे चालवू. अर्थ सरळ होता. मुख्य फेऱ्याने पंप-उताराला बोलावलं, आणि पंप-उताराने सगळं थांबवलं. पंप-उतार म्हणजे पंपाचा वेग हलके हलके कमी करणारं फंक्शन. ते सासूबाईंनी लिहिलं होतं, आणि हे ऑफिसात झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत होतं, कारण ते कसं लिहावं यावरून त्यांनी एके काळी अख्खा मजला डोक्यावर घेतला होता.

साहेब म्हणजे कर्नल विभागाचा प्रमुख. कधी काळी तो सासूबाईंच्या पेन्सिलीखाली मोठा झालेला, मनाने चांगला, पण वरिष्ठांना उत्तर द्यायची वेळ आली की गडबडणारा. त्याने भलत्याच आदराने एक चूक केली. थेट सासूबाईंना घरी फोन लावला.

"सर, पंप-उतार कुठे कुठे मेमरीला हात लावतो, आठवतंय का तुम्हाला?"

"पंप-उतार," पलीकडून आवाज आला. "माझाच ना तो?"

"हो सर, तुमचाच."

"मग चूक माझीच असणार. काढून टाका."

संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा आई दारातच उभी होती. "तुझ्या त्या साहेबाला काही कामधंदा नाही का गं? आजारी माणसाला फोन करून विचारतो, चूक कशी केलीत म्हणून! सकाळपासून ते नीट जेवले नाहीयेत."

आजार असा, की बाबांची आठवण जात चालली होती. डॉक्टरांनी मागच्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, हळूहळू वाढणार, थांबवता येणार नाही. बाबांनी तेव्हा मेंदूचा फोटो उजेडात धरून बघितला होता आणि म्हणाले होते, "हार्डवेअरचा प्रॉब्लेम दिसतोय. माझ्या खात्यात येत नाही." घरातले सगळे हसले होते. नंतर आई स्वयंपाकघरात जाऊन रडली होती. पण एकंदरीत ते दुखणं त्या घराने पाहुण्यासारखं सांभाळून घेतलं होतं. एकच गोष्ट चारदा विचारली तर चारदा उत्तर द्यायचं, चौथ्या वेळीही पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

बाबा टेबलाशी बसले होते. समोर शेजारणीच्या पंख्याचा बिघडलेला रेग्युलेटर होता. तसली कामं ते अजून सहज करायचे, हातांना सगळं पाठ होतं. पण आज स्क्रू तसेच होते.

"हे तिला परत दे," ते म्हणाले. "म्हणावं, दुसऱ्या कोणाला तरी दाखव."

"बाबा, साहेब उगाच बोलला. अजून काही ठरलेलं नाही."

"माझं नाव आलंय ना ट्रेसमध्ये?"

"तुमचं नाही. पंप-उताराचं."

"एकच ते." त्यांनी रेग्युलेटर बोटाने बाजूला सरकवला. "हे बघ, आत्ताचं जातंय ते जाऊ दे. त्याचं मला आता एवढं नाही. पण तो लिहिला तेव्हा माझं डोकं ठिकाणावर होतं, असं मी धरून चाललो होतो. तेव्हापासूनच बिघडलं असेल तर मग काय राहिलं? कुठली कुठली यंत्रं माझ्या भरवशावर फिरतायत, त्यांना माणसं जोडलेली आहेत. तेव्हा तरी बरोबर होतं की नाही, तेवढं बघ आणि मला सांग."

"आणि नसलं बरोबर तर?"

"तरी सांग. साखर पेरून सांगू नकोस."

ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबासमोर उभी राहिली. साहेबाने मान हलवली. "तू नको बघूस हे. बापाचं काम लेकीने तपासायचं म्हणजे उंदराला मांजर साक्ष म्हणतील लोक."

"मांजर खोटं बोललं तर पकडायला तुम्ही आहात की. पण कर्नल दुसऱ्या कोणाला इतका माहीत नाही."

हे खरं होतं, त्यामुळे साहेब मऊ झाला. शुक्रवारी दवाखान्याला लेखी उत्तर जायचं होतं. तोपर्यंत तिने शोधावं. काही निघालं नाही तर पंप-उतार उपटून टाकायचा आणि बाहेरच्या एका कंपनीचं तयार फंक्शन विकत घेऊन बसवायचं. ते आतून कसं आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण ते सासूबाईंचं नव्हतं, आणि त्या आठवड्यात तेवढा गुण पुरेसा होता.

धाकटीने पंप-उतार वाचायला घेतला. वरून खाली वाचला, खालून वर वाचला. लिहिलेलं इतकं स्वच्छ होतं की घसरायला जागाच नव्हती. आणि एक गोष्ट मुळातच जुळत नव्हती. पंप-उतार 'सगळं-थांबव'ला कुठेच बोलावत नव्हता. ती ते घेऊन साहेबाकडे गेली, तर तो म्हणाला, "तेच तर मी म्हणतोय. मेमरी खराब झाली असणार. चालता चालता पंप-उतार भरकटला आणि नको तिथे जाऊन पोचला."

भरकटला हा शब्द तिला लागला. साहेबाने सहज वापरला होता, पण मागच्याच महिन्यात बाबा फिरायला गेले होते आणि बागेच्या उलट्या बाजूला बाकावर बसलेले सापडले होते.

मग तिने तपासणीच्या खोलीत एक यंत्र मांडलं. रक्ताऐवजी रंगीत पाणी, माणसाऐवजी प्लास्टिकची टाकी. पंप चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. अख्खा दिवस लाल पाणी नळ्यांतून फिरत राहिलं आणि पंप-उतार एकदाही भरकटला नाही. यावर आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. आपल्याला चूक सापडत नाहीये, की आपल्याला ती सापडायलाच नकोय, हे तिचं तिलाच कळेनासं झालं. दुसऱ्या कोणाचं कोड असतं तर आपण एव्हाना काय म्हणालो असतो? हाच साहेबाचा शब्द म्हणालो असतो, आणि घरी जाऊन झोपलोही असतो. या विचाराने तिला स्वतःचीच लाज वाटली.

बाबांची त्या विभागात एक पद्धत होती. कोडं सुटलं नाही की ट्रेस दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्याने काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. आणि वाचणाऱ्याने काही गाळायचं नाही. "नावं काय वाचतोस, आकडे वाच," ते ओरडायचे. ते गेल्यावर ही पद्धतही गेली होती. नवीन मंडळींना ती शाळेतल्या पाढ्यांसारखी वाटायची.

धाकटीच्या शेजारच्या टेबलावर घाईबुवा बसायचा. हुशार पोरगा, पण दारात शिरतानाच बाहेर पडायची तयारी. चहा गरम असतानाच पिऊन टाकायचा आणि मग दिवसभर जीभ पोळली म्हणायचा. ओळखपरेडीचा प्रोग्रॅम अलीकडे त्यानेच नव्याने लिहिला होता. जुना फार जुनाट झाला होता.

"बस जरा इथे," ती त्याला म्हणाली. "मी वाचते, तू ऐक."

"सासूबाईंची आरती? बरं बाई, म्हण." तो बिस्किटाचा पुडा घेऊन बसला.

ती वाचू लागली. प्रत्येक नावापुढे एक आकडा असायचा. त्या फंक्शनच्या सुरुवातीपासून किती पुढे ती खूण आहे, त्याचा. "सगळं-थांबव, अधिक चव्वेचाळीस. पंप-उतार, अधिक शून्य. मुख्य फेरा, अधिक..."

ती थांबली.

"काय झालं?" घाईबुवाने तोंडातल्या बिस्किटासकट विचारलं. नियम मोडूनच.

"शून्य."

"हो, शून्य. मग?"

"शून्य म्हणजे फंक्शनची पहिली पायरी. अगदी पहिली. ही खूण परत यायची आहे. म्हणजे पंप-उतार कोणाला तरी बोलावून गेला आणि परत येणार होता, तो पहिल्या पायरीवर. पण परत यायचं तर आधी तिथून बोलावलेलं हवं ना? पहिल्या पायरीच्या आधी पंप-उतार आहेच कुठे? शून्यावर कोण परत येतं?"

घाईबुवाचं चघळणं थांबलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली होती. पहिल्या दिवसापासून ते शून्य तिच्यासमोर होतं. साहेबाने ते पाहिलं होतं, वरिष्ठांनी पाहिलं होतं. पण नाव समोर असलं की आकड्याकडे कोण बघतो? तिनेही बघितलं नव्हतं. तिचे डोळे 'पंप-उतार' या नावावर जे खिळले होते ते तिथून हललेच नव्हते.

"खूण म्हणजे आपण निघालो ती जागा नसते," ती आता घाईबुवाला कमी आणि स्वतःलाच जास्त सांगत होती. "निघालो त्याच्या पुढची पायरी असते. आता समज, एखाद्या फंक्शनने अगदी शेवटच्या पायरीवरून 'सगळं-थांबव'ला बोलावलं. तिथून कोणी परत येत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे त्या फंक्शनची एकही पायरी लिहिलेली नसते. मग पुढची पायरी कोणाची?"

"शेजाऱ्याची," घाईबुवा म्हणाला. "शेजाऱ्याचा उंबरा."

"आणि ओळखपरेड काय म्हणणार? उंबरा ज्याचा, गुन्हा त्याचा."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," तो पुटपुटला. मग त्याचा चेहरा उतरला. पुडा त्याने टेबलावर ठेवून दिला. "थांब. जुन्या परेडीत एक ओळ होती. नाव शोधण्याआधी प्रत्येक पत्त्यातून एक वजा करायची. उणे एक. मी ती काढली."

"का?"

"मला वाटलं, कोणीतरी चुकून ठेवलीय. एवढ्या मोठ्या आकड्यातून एक वजा करून काय होणार? बाकी सगळ्या नावांना काहीच फरक पडत नव्हता. मी करून बघितलं होतं."

पडणारच नाही. खूण फंक्शनच्या मधोमध असली तर एकाने मागे सरकून ती तिथेच राहते. फक्त उंबऱ्यावरची खूण तेवढी मागे, आपल्या खऱ्या घरात जाते. धाकटीला त्याचा राग आला, चांगला सणसणून आला. अति घाई, एवढेच दोन शब्द तिच्या तोंडून निघाले. पण पोराचे कान लाल झाले होते, आणि शून्य न वाचणाऱ्यांत ती स्वतःही होतीच.

त्यांनी 'उणे एक' परत बसवलं आणि माळ पुन्हा परेडीत घातली. मधलं नाव बदललं. पंप-उताराच्या जागी आता 'दाब-ताळा' होता. मेमरीत त्याची जागा पंप-उताराला लागूनच होती. मुख्य फेऱ्यातली खूणही दाब-ताळ्याला बोलावलं त्याच्या पुढचीच होती. ही गोष्टसुद्धा कोणी पाहिली नव्हती.

दाब-ताळ्याचं काम नावाप्रमाणेच होतं. यंत्रात रक्ताचा दाब मोजणारे दोन मापक होते. दोघांचे आकडे एकमेकांशी पडताळून बघायचे आणि ताळा जुळत नसेल तर यंत्र थांबवायचं. दोघं तपासणीच्या खोलीकडे गेली असं म्हणवत नाही, जवळजवळ पळालीच. धाकटीने यंत्र सुरू केलं, लाल पाणी फिरू लागलं. घाईबुवाने एका मापकाची वायर हळूच सैल केली. पंप थांबला, झडप मिटली, घंटा वाजली. माळ काढून बघितली तर आकडे अगदी तेच, शेवटच्या अंकापर्यंत.

म्हणजे दवाखान्यात काहीच चुकलं नव्हतं. एका मापकाचा जोड सैल झाला होता, आणि यंत्राने जे करायला हवं तेच केलं होतं.

आता प्रश्न होता हा दाब-ताळा लिहिला कोणी. इतक्या वर्षांत तो एकदाही कोणाच्या बोलण्यात आला नव्हता. कधी थांबायची वेळच आली नव्हती, मग त्याची आठवण कोणाला येणार? धाकटीने फाइल उघडली. फंक्शनच्या डोक्यावर एक टीप होती, पूर्ण वाक्यांत लिहिलेली, जशी आता कोणी लिहीत नाही.

'दोन मापक जुळत नसतील तर त्यातला खरा कोणता हे आपल्याला कळू शकत नाही. कळत नसेल तेव्हा अंदाज करू नये, थांबावं. नर्सला माणूस दिसतो, आपल्याला दिसत नाही. तिला बोलवावं.'

खाली लिहिणाऱ्याची सही नव्हती. तशी गरजही नव्हती, तरी तिने बदलांच्या नोंदीत जाऊन नाव बघितलं. ते बाबांचंच होतं. मग तिने तेवढं एक पान छापून घेतलं आणि घडी न घालता पिशवीत ठेवलं.

साहेबासमोर घाईबुवा स्वतःहून बोलला. "परेड माझी चुकली, साहेब. पंप-उतार त्या गावचाच नव्हता." साहेबाने सगळं दोनदा ऐकलं, दवाखान्यात फोन केला, आणि तिथल्या मेकॅनिकने जोड सैल असल्याचं सांगितल्यावर खुर्चीत मागे टेकला. "आपण साप म्हणून भुई धोपटत होतो तर. बरं झालं, पत्र गेलं नाही." मग त्याचा हात पुन्हा फोनकडे गेला. "सरांना सांगतो."

"नको," धाकटी म्हणाली. "या वेळी मी सांगते."

घरी शिरली तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी चहा झाला का ते विचारलं, थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिने दोन्ही वेळा नाही म्हटलं. ते प्रकरण त्यांच्या लक्षात असेल की नाही, याची तिला खात्री नव्हती. पण तिने चपला काढून समोर बसायचा अवकाश, त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

एवढे दिवस त्यांनी ते धरून ठेवलं होतं. सकाळी काय खाल्लं ते हातून निसटत होतं, आणि हे मात्र घट्ट धरून ठेवलं होतं.

"बाबा, ट्रेसमध्ये पंप-उताराचं नाव होतं. पुढे आकडा होता अधिक..."

"शून्य," ते म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"भलत्याचं नाव यायचं म्हणजे तसंच येतं. उणे एक कोणी काढलं? कोणी तरी शहाण्याने काढलं असणार."

"काढलं होतं. परत बसवलं."

"हं. त्याला माझ्याकडे पाठव एकदा." मग ते थोडे पुढे झुकले. "म्हणजे पंप-उतार..."

"तो तिथे नव्हताच. त्याच्यात काही चूक नाही. दिवसभर चालवून बघितला मी."

बाबांनी श्वास सोडला. इतका लांब, की स्वयंपाकघरातून आई बाहेर येऊन दारात उभी राहिली. "मग खरं कोण निघालं?" त्यांनी विचारलं.

धाकटीने ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. हात सवयीने खिशाकडे गेला आणि पेन्सिल घेऊन आला. वरची टीप त्यांनी ओठ हलवत वाचली, मग खालचं कोड. ओळीओळीवरून पेन्सिलीचं टोक सरकत गेलं, पण कागदाला ते कुठेच टेकलं नाही. पान संपल्यावर त्यांनी ते पुन्हा वरून वाचलं. धाकटी लहानपणापासून ती पेन्सिल बघत आली होती. इतका वेळ ती हवेत राहिलेली तिने पाहिली नव्हती.

"हे कोणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"का?"

"चांगलं लिहिलंय."

आईने तोंडाला पदर लावला. हेच दोन शब्द ऐकायला धाकटीने अर्धं आयुष्य घालवलं होतं, आणि ते आले होते एका अनोळखी माणसासाठी.

"नेमकं कुठे थांबायचं ते कळलंय याला," बाबा म्हणाले. "नुसतं हुशार असून हे येत नाही. सांग त्याला, मी म्हणालो म्हणून."

सांगते, असं म्हणून तिला उठता आलं असतं. ते खूश होते, तसेच राहिले असते. उद्या कदाचित विसरलेही असते. पण साखर पेरू नकोस, असं त्यांनीच बजावलं होतं.

"बाबा, तुम्हीच लिहिलंय ते."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे. ओळख पटल्याची एकही खूण त्यांच्या चेहऱ्यावर आली नाही. तिला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या मनावरचं ओझंही उतरलं.

"मी?"

"तुम्ही."

"नीट बघितलंस? नाव बघून नाही ना म्हणत?"

"आकडे वाचून म्हणतेय."

त्यांनी टीपेवरून अंगठा फिरवला, एखाद्या कापडाचा पोत बघावा तसा. "म्हणजे तेव्हा होतं ठिकाणावर," ते हळूच म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मग त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, कागद जवळ ओढला.

"आपलंच असेल तर असं सोडून चालणार नाही," ते म्हणाले. "पुन्हा बघायला हवं." आणि तिसऱ्याच ओळीखाली त्यांनी पेन्सिल टेकवली.